ही मेंढी कोणाची?

सोमवार, ७ ऑक्टोबर

प्रिय नेदाताई,

कशी आहेस? गुडघा काय म्हणतोय? इकडे सगळं ठीक. शिमेचं जहाज अजून आफ्रिकेकडे आहे, नाताळाला येईन म्हणतो. तीन दिवस उत्तरेचा वारा सुटलाय, बोट बंद आहे आणि कुरणावर मीठ बसलंय. मेंढ्या खूश आहेत. यंदाचं चीज बरं झालंय. एक गोळा पोस्टातल्या अंकाबाईकडे तुझ्यासाठी ठेवते आहे, आठवणीने घेऊन जा.

आठ किलोमीटरवर राहणाऱ्या बहिणीला मी टपालाने पत्र धाडते आहे, हे बघून अंकाबाई हसेल. हसू दे. तुझ्या दारात मी येणार नाही. जुलैत फाटकापाशी तू जे बोललीस ते अजून माझ्या कानात आहे. ते वाक्य मी इथे लिहिणार नाही.

मुद्द्यावर येते. येत्या सतराला, गुरुवारी, समिती बसणार. विंकाला मुख्य भूमीवरच्या खास शाळेत पाठवायचं की इथल्याच शाळेत ठेवायचं, ते ठरणार. पाठवायचं ठरलं तर सोमवार ते शुक्रवार वसतिगृहात. नऊ वर्षांची पोर, ताई! आणि त्या प्रस्तावावर वर्गशिक्षिका म्हणून पहिली सही तुझी. मावशीची.

तुला तिच्याबद्दल काय माहीत नाही? फेब्रुवारीत वाऱ्याने दगडी बांध पाडला आणि अकरा घरच्या मेंढ्या एकत्र झाल्या, तेव्हा तूही होतीस तिथे. गडी माणसं एकेका मेंढीचा कान धरून भांडत होती. हा काप आमचा, ते भोक तुमचं, हा टोकाचा छाट तिसऱ्याचाच. आणि विंका बांधावर बसून अंजीर खात खात सांगत होती, "ती युरेकाकांची. ती आमची. त्या मागच्या कोकरावर आमची खूण आहे, पण ते युरेकाकांचं आहे. आपण चुकून त्याचा कान कापला." केवढे हसले सगळे! संध्याकाळी ते कोकरू युरेच्याच मेंढीला लुचायला लागलं, तेव्हा कोणी हसलं नाही. चारशे कान तिच्या डोक्यात आहेत. आणि तिच्यापुढे पुस्तकातली एक ओळ ठेवली की पोरीच्या तळहातांना घाम सुटतो.

तुम्ही शाळेवाल्यांनी विंकाला तपासायला जो पहिला तज्ज्ञ दिलात, त्याची गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. तू ऐकून घेतलीच नसतीस. त्याने घड्याळ लावलं आणि एक चित्र पुढे केलं. मेंढीचं. म्हणाला, "यात काय काढायचं राहिलंय?" विंका म्हणाली, "कानावर खूण राहिली. ही मेंढी कोणाची?" तो म्हणाला, "नीट बघ." ती म्हणाली, "मागचा पाय पण नाहीये. पण पाय नसला तरी मेंढी कोणाची तरी असतेच ना?" त्याने शून्य दिलं. पहिलं उत्तर धरायचं असा नियम आहे म्हणे. आपल्या बेटावर कोणालाही विचार, बिनखुणेची मेंढी दिसली तर आधी पाय मोजतात का! चाळीस मिनिटांत त्या गृहस्थाने लिहून टाकलं, बुद्धी सामान्याहून कमी. आणि तू, जिने स्वतः बाबांच्या मेंढ्यांचे कान कापलेत, तू तो कागद प्रस्तावाला जोडलास. शाबास.

मग मी दुसरीकडे नेलं. त्या बाई गोड बोलायच्या. तासभर कोडी घातली, गप्पा मारल्या. वाचायला काहीच दिलं नाही. म्हणाल्या, "अहो, पोरगी भलतीच हुशार आहे. आळशी आहे, एवढंच. लाड कमी करा." मला इतका आनंद झाला की बाहेर आल्यावर मी तिला दोन आइस्क्रीम घेऊन दिली. आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या मागे हात धुऊन लागले. रोज एक पान उतरवायचं, त्याशिवाय कुरणावर जायचं नाही. "तुला सगळं येतं, तू मुद्दाम करतेस," असं मी तिला म्हणायची. तीन आठवड्यांत ती सकाळी शाळेच्या नावाने ओकायला लागली. हे पाप माझं आहे, तुझ्यावर ढकलत नाही.

एकजण म्हणतो मंद आहे, दुसरी म्हणते आळशी आहे. कोणावर विश्वास ठेवायचा? शेवटी मेंढ्यांना लस टोचायला पशुवैद्य आला होता, त्याने विंकाला कळप निवडताना बघितलं. त्याने रियेका शहरातल्या एका बाईंचं नाव दिलं. यागोदाबाई. म्हणाला, "दोन्ही असलेली मुलं त्या ओळखतात. माझा भाचा त्यांनीच ओळखला." दोन्ही असलेली म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं नाही. त्यांच्याकडे सहा महिने जागा नव्हती. मी बावीस दिवस रोज सकाळी आठला फोन केला. तेविसाव्या दिवशी त्यांची मदतनीस म्हणाली, "बेटावरच्या तुम्हीच ना? कोणीतरी रद्द केलंय. या बाई एकदाच्या."

दोन सकाळी लागल्या, ताई. घड्याळ होतं, पण जिथे लागेल तिथेच. विंका दमली की थांबायच्या. त्यांनी तिला मेंढ्यांच्या कानांची चित्रं काढायला लावली आणि त्या खुणा स्वतः शिकून घेतल्या. वाचायला दिलं, लिहायला दिलं, काही तोंडी विचारलं. मग मला म्हणाल्या, "विचार करण्यात शंभरातली अठ्ठ्याण्णव मुलं हिच्या मागे आहेत. वाचण्यात तिघंच. यांची सरासरी मी काढणार नाही. सरासरी काढली की जी मुलगी उरते, ती तुमच्या घरात राहत नाही." मी विचारलं, "म्हणजे हुशार की अडलेली?" त्या म्हणाल्या, "दोन्ही. आणि दोन्ही खरं."

तिथेच मी रडले. रस्त्यावर येईपर्यंतही थांबले नाही.

आता एक गोष्ट सांगायची आहे, ती मी चार दिवस टाळते आहे.

पहिल्या सकाळी त्यांनी मला अकरा पानांचा फॉर्म दिला होता. मी मदतनीस बाईला म्हटलं, चष्मा घरी राहिला, तुम्हीच वाचा आणि लिहा. त्यात एक प्रश्न होता, घरात आणखी कोणाला वाचायला त्रास आहे का? मी म्हटलं, छे, कोणालाच नाही. माझी बहीण तर शिक्षिका आहे! दुसऱ्या दिवशी यागोदाबाईंनी सहज विचारलं, "आज आणलात का चष्मा?" मी काही बोलायच्या आत विंका म्हणाली, "आईला चष्माच नाहीये."

तुला तर ठाऊकच आहे. शाळेतले माझे निबंध कोणी लिहिले? शिमेला लग्नाआधी गेलेली पत्रं कोणी लिहिली? अजून त्याला वाटतं माझं अक्षर सुंदर आहे. बाबांच्या अंत्यविधीला धाकटीने, म्हणजे मी, प्रार्थना वाचायचं ठरलं होतं. मी तिथे उभी राहिले, पहिल्या शब्दाला अडकले, आणि तू उठून आलीस. सगळ्यांना म्हणालीस, हिचा घसा बसलाय. त्या दिवशी मला तुझे पाय धरावेसे वाटले होते. आज वाटतं, तू मला वाचू द्यायला हवं होतंस. कितीही वेळ लागला असता तरी. बाबांना काय घाई होती?

आणि तुझं ते वाक्य. लिहिणार नव्हते, पण आता लिहितेच. "एकीला मी जन्मभर झाकलं, दुसरीला झाकणार नाही." मला वाटलं तू माझा अपमान करते आहेस. यागोदाबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, तुमची बहीण दमली असेल. असशीलही. झाकून झाकून माणूस दमतंच. पण ताई, तिला झाक असं सांगितलंय कोणी? मी तिला उघड्यावर ठेवणार आहे. सगळ्यांसमोर, इथेच, आपल्या बेटावर. यागोदाबाईंच्या अहवालात स्पष्ट लिहिलंय, शाळा हीच. प्रश्न वाचून दाखवायचे, उत्तरं तोंडी घ्यायची, वेळ जास्त द्यायचा, गणित दोन वर्षं पुढचं द्यायचं आणि वाचनासाठी वेगळी शिकवणी लावायची. तुला जमत नसेल तर सांग, मी दुसरी शिक्षिका मागेन. लाजणार नाही. वसतिगृहात मात्र ती जाणार नाही. बोटीवर चढवायला आलात तर मला आधी बाजूला करावं लागेल, आणि मी ओल्या मेंढ्या उचलणारी बाई आहे.

गुरुवारी दहाला मी येते. अहवाल सहा पानांचा आहे. यागोदाबाई म्हणाल्या, समितीला फोनवरून मी वाचून दाखवते. मी नको म्हटलं. मी वाचणार आहे. उभी राहून, मोठ्याने, सहाही पानं. विंकाला शेजारी बसवणार आहे. मी अडखळेन, ओळ चुकेन, परत पहिल्यापासून सुरू करेन. कोणी घड्याळाकडे बघितलं तर बघू दे. अडलेलं माणूस कसं दिसतं आणि ते बिनडोक नसतं, हे त्यांनी डोळ्यांनी बघावं. पोरीनेही बघावं.

तू टेबलाच्या पलीकडे असशील. सहीचं काय करायचं ते तुझं तू ठरव, त्यासाठी मी हात जोडणार नाही. एकच मागते. लहानपणापासून मी अडले की तू पुढचा शब्द हळूच सांगतेस. गुरुवारी सांगू नकोस. कितीही वेळ गेला तरी गप्प बस आणि माझ्याकडे बघ. मी पोचते.

सोमवारी सुरू केलेलं पत्र आज शनिवारी संपलं. लाल पेन्सिल लावून परत पाठवू नकोस. आहे तसं ठेव.

पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने लिहिणारी,
तुझी धाकटी,
पेरिना