चुंबकाच्या आतले पट्टे

जर्मनी, सोमवार दुपार

आदिलभाई, अस्सलामु अलैकुम.

फोनवर तुझा आवाज ऐकला की मला बोलताच येत नाही, म्हणून कागदावर लिहितेय. मी बरी आहे, वेळेवर जेवते. अम्मीला एवढंच वाचून दाखव.

पुढचं फक्त तुझ्यासाठी. अब्बांचा चेहरा मला शेवटचा दाखवायला तू जनाजा अर्धा तास थांबवलास, सहा वेळा व्हिडिओ कॉल लावलास. नेटवर्क नव्हतं, असं मी सांगितलं. भाई, ते खोटं होतं. इथल्या प्रयोगशाळेत मी ज्या सूक्ष्मदर्शक यंत्रावर काम करते, त्यात मोठं चुंबक आहे, त्यामुळे फोन बाहेर कपाटात ठेवावा लागतो. अब्बा दवाखान्यात आहेत हे माहीत असून मी तो ठेवला आणि आत गेले. मला वाटलं, आठ-दहा तासांत काय होतंय!

नेरळच्या आपल्या दुरुस्तीच्या दुकानात बिघडलेला स्पीकर खोलला की अब्बा त्यातलं चुंबक माझ्या हातात द्यायचे, आठवतं? म्हणायचे, "आत काय हाय, बघून सांग गं." आत पट्टे असतात, भाई, एकाचं चुंबकत्व वर तर शेजारच्याचं खाली. धातूचे अगदी पातळ थर एकावर एक चढवले की ते यंत्रात दिसतात, काळे-पांढरे, नागमोडी. अब्बांना सांगायचं राहिलं.

अम्मी झोपते का? दुकान उघडलंस का?

अब्बांना फोटो आवडत नसत, म्हणून तू शेवटचाही काढला नाहीस. बरोबर केलंस. मी मात्र त्या अर्ध्या तासात एकोणीस फोटो काढले. सगळे पट्ट्यांचे.

अम्मीजवळ बसत जा.

तुझी सिद्रा