भाकरी उचलतानाचा थांबा

अर्विंग, टेक्सास
३ फेब्रुवारी २०२५

चि. मनोहर यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

चष्मा शोधत असशील तर डोक्यावर हात फिरव, तिथेच आहे. तरी सापडला नाही तर रेखाला वाचायला सांग, बायको म्हणून तिलाही कळायला हवंच. संक्रांतीला फोन करतो म्हणाला होतास. कुठल्या वर्षीच्या, ते विचारायचं मी विसरले, म्हणजे चूक माझीच.

मी सांगतेय आणि सूनबाई चारुता लिहितेय. फोनवरच बोलले असते, पण अवघड काही निघालं की तुझ्याकडची रेंज जाते. कागदाची जात नाही. अरुणच्या ऑफिसातला संजीव सुट्टीवर सांगलीला चाललाय, त्याच्या हाती देतेय.

इथे सगळे बरे. अरुण दिवसभर कॉम्प्युटरशी बोलतो आणि जेवताना गप्प बसतो. नेत्रा सोळाची झाली. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आजी-नातीचं छान चाललंय. माझे गुडघे आहेत तसेच आहेत.

आता फाउस्तिनोचं सांगते. समोरच्या घरात राहतो, स्पेनचा, अठ्ठ्याऐंशी वर्षांचा. माझ्याहून मोठा आहे, पण इंग्रजीत अहो-जाहो नसतं म्हणे, म्हणून मीही करत नाही. नेत्रा त्याच्याकडे पियानो शिकते आणि मी सोबत म्हणून जाऊन बसते. त्यांच्या देशात आपल्या संगीत नाटकासारखा प्रकार असतो, झारझुएला म्हणतात. पात्रं बोलता बोलता गायला लागतात, गैरसमज होतात, लोक हसतात, शेवटी लग्न लागतं. त्याला हा संगीत द्यायचा. बाप गावच्या बँडचा मास्तर. हा एकोणिसाव्या वर्षी माद्रिदला पळाला, हॉटेलांत पियानो बडवला, आणि सव्विसाव्या वर्षी त्याचं एक पद असं गाजलं की दूधवाले त्याची शीळ घालत फिरायचे. पुढे अकरा नाटकं केली. मग लोक सिनेमाला जायला लागले, थिएटरं बंद पडली. एका कंपनीबरोबर मेक्सिकोला गेला, तिथे कंपनी मोडली, तसा इकडे आला. तीस वर्षं चर्चमध्ये ऑर्गन वाजवला आणि पोरांच्या बोटांवर पट्टी मारली. एवढं होऊनही माणूस हसरा आहे. कॉफी मात्र वाईट करतो.

दिवाळीनंतरची गोष्ट. नेत्रा पियानोवर अडखळत होती आणि मी बसल्या बसल्या गुणगुणत होते. काय, ते तू ओळखलं असशील. तुझं ते नाटकातलं गाजलेलं पद. म्हातारा एकदम वळला आणि नेत्राला काहीतरी म्हणाला.

"आजी, ही वॉन्ट्स टू नो, दुसऱ्या लाइनमध्ये तू का थांबतेस?"

"चालच तशी आहे म्हणावं."

"ही सेज नो. म्युझिकमध्ये तिथे थांबायचं काही रीझन नाही. तू काहीतरी करत असणार तेव्हा, हातांनी."

मन्या, पंचावन्न वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. तू तर रेडिओवर सांगितलंस की तो थांबा म्हणजे तुझी खासियत.

मी उठले. घरून ज्वारीचं पीठ, परात आणि तवा आणला आणि त्याच्या ओट्यावर गात गात भाकरी थापली. थाप, थाप, थाप, आणि मग ती दोन्ही हातांवर उचलून तव्यावर टाकायची. तेवढ्यापुरता श्वास धरावा लागतो, नाहीतर मोडते. तिथेच तो थांबा येतो. म्हातारा आधी पोट धरून हसला. मग खुर्चीत बसला आणि रडायलाच लागला. नेत्रा घाबरली. मी आपली त्याच्यापुढे भाकरी आणि लोणी ठेवलं.

खाऊन झाल्यावर त्याने सांगितलं. ते शीळवालं पद आहे ना, त्यातही असाच एक थांबा आहे. तो राहायचा त्या घरी पिलार नावाची बाई इस्त्रीला यायची. इस्त्री तापली का ते ओल्या बोटाने बघायची, तेव्हा गाता गाता थांबायची. हा जिन्यात बसून ऐकायचा. चाल तिची, नाव ह्याचं. तिलाही लिहिता येत नव्हतं.

चारुताचं पेन थांबलंय. माझ्याकडे बघतेय. लिही गं, पुढचं तुलाही ठाऊक नाही, अरुणलाही नाही.

अरुणच्या वेळी सातव्या महिन्यात मी माहेरी आले होते. तू नाटक कंपनीचा कागद घेऊन चुलीपाशी येऊन बसलास, शब्दांना चाल सापडत नव्हती. मी भाकऱ्या करता करता ते शब्द गायले. "अक्का, पुन्हा म्हण," तू म्हणालास. मी पुन्हा म्हटलं. सात भाकऱ्या होईपर्यंत सगळं तुझ्या पायपेटीत बसलं. नाटकाला मात्र मला नेलं नाहीस. पोटुशी बाईने गर्दीत कशाला यायचं, म्हणालास.

मला राग आला नव्हता, असं मी सांगितलं असतं. पण कोणी विचारलंच नाही.

परवा नेत्राने तुझी मुलाखत दाखवली. पहाटे कृष्णेच्या घाटावर बसला होतास आणि चाल आपोआप सुचली म्हणे. अरे, तुला पहाटे उठवायला आई तोंडावर तांब्या ओतायची.

गेल्या महिन्यात इथल्या चर्चच्या हॉलमध्ये फाउस्तिनोचं ते जुनं नाटक झालं. पद सुरू व्हायच्या आधी तो वॉकर घेऊन स्टेजवर गेला आणि म्हणाला, ही चाल पिलारची, मी फक्त कागदावर उतरवली. टाळ्या पुष्कळ झाल्या. पण पिलार जाऊन चाळीस वर्षं झाली. परत येताना गाडीत म्हणाला, "मी रिकाम्या खुर्चीला सांगितलं."

मी अजून आहे, मनोहर. ऐकूही येतं, फक्त डाव्या कानाने जरा कमी.

तेवीस तारखेला सांगलीत तुझा पंचाहत्तरीचा सत्कार आहे. ते पद होणारच. त्याआधी उभा राहा आणि माइकवर सांग की ही चाल माझ्या बहिणीची, अहिल्येची. घाटाचं नाव काढू नकोस. तुझी बाकीची पदं तुझीच आहेत, चांगली आहेत, त्यांवर कोणी बोट ठेवलं तर आधी मी भांडेन. हे एक माझं. तू सांगितलं नाहीस तर मी रुसून बसणार नाही. नेत्राच्या फोनपुढे परात घेऊन बसेन, गात भाकरी थापेन, आणि तो थांबा कुठून आला ते सगळ्यांना दिसेल. पण तुझ्या तोंडून यावं असं वाटतं, म्हणून आधी पत्र.

उत्तर लिहू नकोस. तू लिहितोस फार छान, आणि मला ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतं. संजीव पंचवीसला तिकडून परत निघतोय, बॅगेत जागा ठेव म्हणून सांगितलंय त्याला. माझं नाव घेतलंस तर भडंग पाठव. नाही घेतलंस तर सत्काराचे पेढे पाठव. त्याने बॅग उघडली की वासावरून कळेल मला, वाचून दाखवायला कोणी नको.

चारुता, खाली अक्का लिहू नकोस. नाव लिही.

अहिल्या

ता. क. भडंगात लसूण सढळ हाताने घालायला रेखाला सांग, आणि डबा मोठा घे. समोरच्या म्हाताऱ्यालाही द्यायचंय.