तुमच्या बहिणीची स्लाइड आणि माझी स्प्रिंग

आदरणीय मेहुणेबुवा,

सप्रेम नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? वाकून बुटाची नाडी बांधता येत असली, तरी हे पत्र बसूनच वाचा, कारण मी तुमच्या बहिणीचं पिस्तूल उघडलं होतं. (घाबरू नका, आधी रिकामं केलं. तेवढी अक्कल तुम्हीच दिलीत.)

मनगट मोडल्यापासून तिला गोळी भरायला पिस्तुलाची वरची स्लाइड मागे ओढवत नव्हती. हे ती तुम्हाला फोनवर सांगणार नाही. क्लबात जायची, इतरांचे नेम बघायची आणि घरी येऊन कपाटाची दारं आपटायची. पुढच्या सामन्यात नाव घालू की नेमबाजीच सोडू, या विचाराने तिचं जेवणावरचं लक्ष उडालं. मला ते बघवेना. म्हटलं, दोष मनगटाचा नाही, स्लाइड पुढे ढकलणाऱ्या स्प्रिंगचा आहे. ती जरा नरम केली की झालं! माझा जन्म शिलाई मशीन दुरुस्त करण्यात गेला खरा, पण स्प्रिंग ती स्प्रिंगच. उघडताक्षणी ती हातातून जी सुटली, ती ट्यूबलाइटमागे जाऊन बसली. (स्टुलावर चढून तुमच्या बहिणीनेच काढली. काय बोलली ते लिहीत नाही.)

मग तसलीच दुसरी आणून मी पक्कडीने तिचे दोन वेढे कापले. स्लाइड लोण्यासारखी मागे आली. पण गोळी झाडली की पुन्हा पूर्ण मिटेना, आणि रिकामी पुंगळी उडून थेट क्लबच्या सेक्रेटरींच्या चहात. पिस्तूल दुरुस्त करणारा माझ्यावर उखडला, "अहो काका, स्प्रिंग कापत नसतात, बदलतात!" त्याने एक पायरी नरम अशी तयार स्प्रिंग दिली. ती बसवली आणि काय सांगू, स्लाइड दरवेळी गपकन मिटू लागली, पुंगळ्या शहाण्यासारख्या जवळच पडू लागल्या. महिनाभर तिने रोज सराव केला आणि परवाच्या सामन्यात दुसरी आली! परतताना वाटभर बडबडत होती. मी फार सुखात आहे.

तुमचा,
मेहुणा

ता. क. आत्ता साफसफाईला पिस्तूल उघडलं, तर आत जुनी कडक स्प्रिंग! माझी नरम स्प्रिंग डबीत पडलेली. म्हणजे सामना बाईसाहेब जुनीवरच खेळल्या, आणि माझी छाती उगाचच फुगली होती. असो. त्या मनगटाने ती कडक स्लाइड ओढली, या आनंदाने डोळे भरून आले.

ता. क. २. मुख्य काम राहिलंच. तुमचं पिस्तूलही हल्ली हाताला फार झटका देतं म्हणे. इकडे आलात की घेऊन या. हात शिवशिवताहेत.

ता. क. ३. दादा, पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. पिस्तूल अजिबात आणू नकोस. यांची स्प्रिंग मात्र खरंच छान होती. महिनाभर ती ओढून ओढूनच तर मनगटात जुनी ओढण्याइतका जोर आला. पण हे यांना कळू देऊ नकोस, नाहीतर उद्या पुन्हा पक्कड घेऊन बसतील.