रिकाम्या हातांची हाक

मामा, तुम्ही जाऊन पुष्कळ वर्षं झाली आणि माझा राग जागचा हललेला नाही. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. मी बोलणार आहे. तुम्ही जिवंत असताना गप्प बसलो, ते मायेपोटी नव्हे. का बसलो ते शेवटी सांगतो, आणि तेवढ्यासाठीच हे लिहायला घेतलं आहे.

बहरीनला मला तुम्हीच आणलंत, हे कबूल. बाप लहानपणीच गेला, तुम्ही वाढवलंत, हेही कबूल. माण तालुक्यातून कोकणाकडे उतरताना माळावर तळ पडायचा, मामी तीन दगडांवर भाकरी थापायची, आणि भाकरी झाली की तुम्ही मला नावाने कधी बोलवायचा नाहीत. मेंढरांना घालायचात तीच हाक मला घालायचात. आधी जिभेच्या टोकावर थरथर आणि मग 'यो, यो' असा लांब सूर. मी असेन तिथून पळत यायचो. मामी म्हणायची, हे पोर नाही, कोकरूच आहे. हे सगळं मला आठवतं. त्यामुळेच पुढचं पचत नाही.

जनाबियाचा तो मळा आठवतो तुम्हाला? खजुराची झाडं, लसूणघासाची हिरवीगार शेतं, तिकडे त्या घासाला जत म्हणायचे, आणि पलीकडे खारवट माती. सौदीला जाणाऱ्या समुद्रावरच्या पुलाचं काम तेव्हा सुरू व्हायचं होतं. अरबाबाची, म्हणजे मळ्याच्या मालकाची, मेंढरं तुमच्या हाताखाली, आणि आम्ही चौघे पाणी सोडायला, गवत कापायला. शेजारच्या बंगल्यांमध्ये एक इंग्रज इंजिनियर राहायचा. त्याच्याकडे मेंढ्या वळवणारी काळी-पांढरी कुत्री होती. आपली कुत्री राखण करतात, लांडग्यावर धावून जातात. मेंढरं वळवायची माणसानेच, पुढे चालून, हाक देऊन. साहेबाचं उलटं. माणूस एका जागी उभा, तोंडात शिट्टी, आणि कुत्रं लांबून मेंढरं आणून हवाली करतं. त्याने मला एक पिल्लू दिलं. मी तिला काळी म्हणायचो. शिट्टीवर डावीकडे, शिट्टीवर उजवीकडे, शिट्टीवर बस. तुम्ही बघायचात आणि थुंकायचात. "मेंढराला हाक लागती. कुत्रं कशाला?" म्हणायचात.

हिवाळ्यात साहेबलोक आपल्याच मळ्यावर कुत्र्यांच्या शर्यती लावायचे. तंबू, चहा, खुर्च्या, सगळा थाट. शेताच्या टोकाकडून आपल्याच कळपातली पाच मेंढरं आणायची, दोन फाटकांमधून काढायची आणि शेवटी लाकडी कोंडवाड्यात घालायची. शेवटाला हाकणाऱ्याने कोंडवाड्याच्या फाटकाची दोरी एका हातात धरायची. मेंढरं आत जाऊन फाटक लागेपर्यंत ती दोरी सोडायची नाही. सोडली की बाद. मेंढराला हात लावला तरी बाद. अरबाब त्या वर्षी सगळ्यांसमोर म्हणाला होता की माझ्या कुत्रीने हे करून दाखवलं तर पुढे मेंढरं मी सांभाळायची आणि तुम्ही मळ्याची सगळी देखरेख करायची. तुमचं काही कमी होत नव्हतं मामा. उलट उन्हातून सावलीत येणार होतात.

काळीने मेंढरं आणली. दोन्ही फाटकांमधून अशी काढली की खुर्च्यांवरची माणसं उठून उभी राहिली. मी दोरी धरली, मेंढरं कोंडवाड्याच्या तोंडाशी आली, पुढचीने मान आत घातली, आणि कुंपणापलीकडून तुमची हाक आली. रोज चारा देताना घालायचात तीच. पाचही मेंढरं काळीला ओलांडून तुमच्याकडे उधळली. तुम्ही हात वर करून साळसूदपणे सांगितलंत की सवयीने तोंडातून गेली. अरबाब माझ्याकडे बघून म्हणाला, "कुत्ता मफी फायदा," म्हणजे कुत्रं काही कामाचं नाही, आणि चहा प्यायला निघून गेला.

तरीही मी तुमच्यावर विश्वास ठेवला असता. सवय असते माणसाला. पण संध्याकाळी खोलीमागच्या चुलीपाशी तुम्ही आचाऱ्याला चपात्या लाटून देत होता आणि हसत होता. मी पाण्याची बादली घेऊन दारात आलो होतो, तुमची पाठ माझ्याकडे होती. "कुत्र्याच्या जिवावर माझ्या डोक्यावर बसाय निघालं हुतं," तुम्ही म्हणालात. "एक हाक दिली, झालं खलास." मी बादली खाली ठेवली. त्या रात्री जेवलो, तुमच्या शेजारी बसूनच जेवलो.

पुढचे कितीतरी महिने मला पाण्याच्या पाटात उभं केलंत. मग पोराच्या लग्नासाठी तुम्ही दोन महिने गावी गेलात, आणि मेंढरांचं करायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून ती माझ्याकडे आली. आता नीट ऐका मामा.

चारा मी शिट्टीवर द्यायला लागलो. आणि दिवसातून कितीतरी वेळा, रिकाम्या हातांनी, तुमची हाक घातली. तुमचा गळा मला हुबेहूब येतो. पहिल्या दिवशी मेंढरं धावत आली, माझे तळवे हुंगले, परत गेली. काही दिवसांनी चालत यायला लागली. मग नुसती मान वर करायची. मग कानसुद्धा हलेना. मेंढरू मूर्ख नसतं. दोनदा फसतं, चारदा फसतं, जन्मभर फसत नाही. जन्मभर फसतं ते माणूस.

तुम्ही परत आलात ते पुढच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, लाडवांचा डबा घेऊन. मला दोन लाडू काढून दिलेत. मी खाल्ले.

दुसऱ्या दिवशी मी कोंडवाड्यापाशी उभा आहे. हातात दोरी आहे. काळी गवतात पोटावर दबून आहे, पाचही मेंढरं तोंडाशी घुटमळत आहेत. तुम्ही गेल्या वेळेसारखे कुंपणापलीकडे, खजुराखाली आहात, मला बघायची गरजच नाही. हाक येते. मेंढरं हलत नाहीत. तुम्ही पुन्हा घालता, मोठ्याने. आता खुर्च्यांवरची माणसं तुमच्याकडे बघतात. तिसऱ्या वेळी तुमचा आवाज फाटतो. मेंढरं काळीकडे बघतात आणि एकामागून एक आत जातात. मी फाटक लावतो. टाळ्या होतात. अरबाब हसत हसत तुम्हाला विचारतो, "बाबा, खलास?"

मेंढरं मला मिळाली. पण खरी मजा पुढे होती. सवय मोडेना म्हणून तुम्ही कुंपणाशी जाऊन हाक घालायचात, आणि मेंढरं चरत राहायची. तुम्हाला वाटलं, गळा गेला. गरम पाणी झालं, मध झाला. मग मला म्हणालात, गुदैबियाच्या बाजारात जाशील तेव्हा ज्येष्ठमध आण. मी आणला. दुकानदाराला चांगला निवडून द्यायला सांगितला. तुम्ही तो तोंडात धरून कुंपणाशी उभे राहायचात, आणि मी लांबून बघायचो. पोटभर बघायचो.

वर्षभराने तुम्ही कायमचे गावी गेलात. मामी सांगायची, मेंढरं पोराच्या हवाली केली, स्वतः हाक म्हणून घालत नाहीत, गळा गेलाय म्हणतात. मी एकदा सुट्टीवर आलो तेव्हा तुम्ही ओट्यावर बसला होता, मफलर गळ्याला गुंडाळून, भर उन्हाळ्यात. माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते चहाबरोबर गिळलं. कारण सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही माळावर जाऊन हाक घातली असती, आणि गावाकडची मेंढरं, ज्यांना मी काही शिकवलं नव्हतं, ती धावत आली असती. ते मला तुम्हाला द्यायचं नव्हतं.

तुमच्या गळ्याला काहीही झालं नव्हतं मामा. हेच सांगायचं होतं. आता कळून उपयोग नाही, म्हणूनच सांगतो आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, पेटीत राहील. एक गोष्ट मात्र लिहिली नाही, ती लिहून संपवतो. त्या दिवशी तुम्ही पहिली हाक घातलीत तेव्हा एकाही मेंढराने मान वळवली नाही. पण माझा पाय तुमच्या दिशेने उचलला गेला होता. हातात दोरी होती म्हणून थांबलो.