दक्षिणेकडे तोंड

४ डिसेंबर, बुधवार

परत तेच! दिवेलागणीलाच इन्व्हर्टर ओरडायला लागला. आमच्या ह्यांच्या — सुरेंद्रच्या — हवेच्या गादीचा पंप बंद. गादी बसली आणि पाठ सरळ फळीला टेकली. मोटारसायकलला रानडुक्कर आडवं आलं तेव्हापासून मानेखाली त्यांना काही कळत नाही. दुखतही नाही, म्हणून तर जखम होते. कालची सुकत आलेली आज पुन्हा ओली.

जंगलातून येणारी लाईन दिवसभर नव्हती. सोलर घेतलं ते अशाच दिवसांसाठी ना? दिवाळीत बसवलं तेव्हा पहिले काही दिवस गादी एकदाही बसली नव्हती.

५ डिसेंबर

शिडी लावून स्लॅबवर चढले. पहिल्यांदाच. पॅनलवर धानाच्या मळणीची धूळ, बोट फिरवलं तर रेघ उमटेल इतकी. धुऊन पुसून लख्ख केलं. खालून गिरजाबाई — सुरेंद्रची थोरली बहीण, आमच्याकडेच असते — "साधना, पडशीन वं! एक निजून हाये, आता तू बी निजतं का?"

७ डिसेंबर

धुण्याचा उपयोग शून्य. नागभीडहून नबील आला, बॅटरीवाला. इन्व्हर्टर उघडला, वायरी आवळल्या. म्हणाला, "बॅटरी तहानली हाये बाई, पानी पाजा." पाजलं. जाताना — "आजकाल ऊन बी सरकारी झालं. दहाले येते न चारले जाते." म्हटलं, थट्टा पुरे.

९ डिसेंबर

संध्याकाळी पुन्हा बंद.

११ डिसेंबर

जखम खोल गेली. ड्रेसिंगला रिना सिस्टर येते. मला अंगणात बोलावून म्हणाली, "गादी चालूच राहायला पाहिजे, बाई. हाडापर्यंत गेली तर मग काही हाती राहणार नाही."

आत गेले तर हे छताकडे बघत पडलेले. मी म्हटलं, असं तोंड पाडून बसू नका, उपाय चाललाय.

कशाला म्हटलं? ते बसू तरी शकतात का!

१३ डिसेंबर

सापडलं.

नबीलला बोलावून मुद्दाम स्लॅबवर चढवलं. वरूनच ओरडला — "बाई, याचं तोंड उत्तरेकडं कोनं केलं? थंडीत सूर्य दक्षिणेकडून जाते. पाठ शेकून राह्यलं हे, तोंडावर ऊनच नाई!" स्टँडच्या पायांच्या जुन्या खुणा बाजूला दिसत होत्या म्हणे, नटांवर पान्याचे ताजे ओरखडे.

गिरजाबाई शिडीशी उभी.  शिडीवरचा हात काढून तीच म्हणाली —

"म्याच फिरवाले लावलं शेजारच्या बिरजूले. तू औषधाले गेली होती तवा. ज्याच्यावर त्याचा जीव चालते त्याचं तोंड दक्षिणेले, यमाकडं?"

मग मी काय काय बोलले! अडाणी म्हटलं. भावाच्या जिवावर उठलात म्हटलं. नबील खाली मान घालून पाने गोळा करत राहिला. ती रडली नाही. एवढंच म्हणाली — "सुरेंदरनंच म्हटलं मले. साधनाले सांगू नको, रागावते, म्हने."

इतक्या वर्षांचा संसार. भीती वाटते हे त्यांनी बहिणीला सांगितलं. मला नाही.

१४ डिसेंबर

पॅनल दक्षिणेकडे. बॅटरी भरली. पंप अखंड.

त्यांना मीच सांगितलं, स्पष्ट. ऊन तिकडूनच मिळतं, भिण्यासारखं काही नाही. म्हणाले, "बरं."

१७ डिसेंबर

गादी टम्म. जखमेच्या कडा सुकू लागल्या. रिना खूश!

पण दक्षिणेचं सांगितल्यापासून हे जेवत नाहीत. चहा आणि दोन चमचे पेज, बस. कढी केली त्यांच्या आवडीची. "भूक नाई." मी रागावले. विनवलं. पुन्हा रागावले. त्यांनी भिंतीकडे मान वळवली. मान तेवढी वळते.

१९ डिसेंबर

नबीलला फोन केला — काही मधला मार्ग? म्हणाला, आडवंच टाकू बाई, सपाट. ऊन थोडं कमी, पन भेटन. गिरजाबाईला विचारलं.

"आभाळाकडं तोंड? मंग तं झालंच!"

मला हसू आलं. तीही हसली. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले, नळ सोडून.

फिरवलं म्हणून खोटंच सांगावं का? माझ्या तोंडावर खोटं टिकत नाही हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक! आणि रिनानं आज बजावलं — पोटात अन्न नसेल तर सुकत आलेलीही चिघळेल.

आज पेजही परत आली.

२१ डिसेंबर, शनिवार

बिरजूला बोलावून पॅनल उत्तरेकडे करून घेतलं. शिडी मी धरली. गादी बसली की मी आणि गिरजाबाई त्यांना कुशीवर वळवत राहू, हात चालतील तोवर. जखम काय करील ते मला कळतं.

भात कालवून भरवला. चार घास खाल्ले. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "तुले भेव नाई लागत का वं?"

"लागते," म्हटलं.