माझ्या लग्नाला आलेली अमेरिकेची सही

आबा,

तुमची काळी लष्करी ट्रंक परवा धाकट्याने माझ्या दारात आणून ठेवली. घर बदलतोय म्हणे, जागा नाही. बुटांना कपाटभर जागा आहे, बापाच्या ट्रंकेला नाही. मी त्याला चार शब्द सुनावले, ट्रंक ठेवून घेतली, आणि उघडल्यावर जो संताप आला तो मात्र तुमच्यावर. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली म्हणून मी गप्प बसेन असं समजू नका.

आत ती सगळी पत्रं आहेत. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या कार्यालयातून आलेली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर डांबराच्या गोळ्या. माणच्या कोरड्या गावातला सुभेदार निवृत्त होऊन साताऱ्यात राहायला आला. इतर पेन्शनवाल्यांनी गुलाब लावले, भजनी मंडळं काढली. तुम्ही अमेरिकेच्या अध्यक्षांच्या सह्या जमवायला लागलात. कारण काय, तर पलटणीत एका साहेबाच्या भिंतीवर असं एक पत्र काचेत लावलेलं होतं, आणि साहेब पाहुण्यांना आधी ते दाखवायचा, मग बायकोची ओळख करून द्यायचा. मला कॉन्व्हेंटमध्ये का घातलं हे आपल्या भावकीला कधी कळलं नाही. मला कळलं होतं. तुम्हाला घरातल्या घरात इंग्रजी लिहिणारा कारकून हवा होता.

आई चुलीपुढे भाकरी थापतेय, मी पाटावर वही घेऊन बसलेय आणि तुम्ही उभे राहून मजकूर सांगताय. बसून सांगितलं तर पत्राचा मान जातो, असं तुमचं मत. सिस्टरांनी शिकवलं होतं की पत्रात लोळण घ्यायची नसते. तुम्हाला मात्र प्रत्येक ओळीत ‘मायबाप सरकार’ हवं असायचं.

“आबा, ते आपले मायबाप नाहीत.”

“कुनाचं तरी असतील की. लिही तू.”

हयात अध्यक्षांवर तुमचं भागेना, तेव्हा तुम्ही मेलेल्यांकडे वळलात. शंभर वर्षांपूर्वीच्या अध्यक्षाच्या सहीची नक्कल मिळावी, असा रीतसर अर्ज माझ्याकडून लिहवून घेतलात आणि त्यावर आपल्या कचेरीतला कोर्ट फी स्टँप चिकटवलात. मी हसले तर भडकलात. “आमच्या तलाठ्याकडं पणजोबाच्या येळचा उतारा निघतो, आन् एवढ्या मोठ्या देशाकडं एक जुनी सही न्हाई?” मी मुकाट्याने अर्ज पाकिटात घातला. याला त्यांच्याकडेही उत्तर नसावं, कारण त्या अर्जाला तेवढं उत्तर आलं नाही.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं. पहिली पत्रिका कुलदैवताला गेली, दुसरी मामाला जायची, तर ती तुम्ही अमेरिकेला धाडलीत. चारही कोपऱ्यांना हळदकुंकू, आत अक्षता. आई म्हणाली, “जावयाच्या कपड्यांचं बघा आदी. त्यो अध्यक्ष काय पंगतीला येनार न्हाई.” आणि लग्नानंतर दोन महिन्यांनी, मी पहिल्या माहेरपणाला आले असताना, उत्तर आलं! जाड कार्ड, वर सोनेरी गरुड, माझं आणि ह्यांचं नाव, सुखी संसाराच्या शुभेच्छा, खाली निळीशार सही. मी हात पुढे केला. तुम्ही कार्ड छातीशी धरलंत.

“ह्ये माज्या कलेक्शनचं.”

“नाव माझं आहे त्याच्यावर!”

“पत्रिका कुनी धाडली?”

“लग्न कुणाचं होतं?”

“आन् लावून कुनी दिलं?”

हा काय युक्तिवाद झाला? मी रडून घेतलं, जेवले नाही, आणि रिकाम्या हाताने सासरी सांगलीला परत आले. तिथे दुसरीच शोभा. माहेरपणातली बातमी म्हणून मी सासूबाईंना कार्डाचं सांगितलं. त्यांनी ते विश्रामबागेतल्या साऱ्या बायकांना सांगितलं, पण माझी फिरकी घेत. “आमच्या सूनबाईंना अमेरिकेच्या अध्यक्षांचा आशीर्वाद आहे हो. फक्त तो दिसत नाही.” हळदीकुंकवाला गेले की बायका पदर तोंडाला लावायच्या. शेवटी मी तुम्हाला पत्र लिहिलं, की माझ्या सासरी मी थापाडी ठरलेय.

आठवड्याच्या आत तुम्ही हजर. साताऱ्याहून एसटीने, कार्ड टॉवेलात गुंडाळून मांडीवर, कराडला चहालासुद्धा न उतरता. कोट, फेटा, छातीवर पदकं. “विहीनबाई, बगून घ्या. हात लावू नका, नुसतं बगा.” पण सासूबाई नुकत्या देवपूजेवरून उठलेल्या. आशीर्वाद घरी आलाय, मग त्याचं स्वागत नको? तुम्ही टॉवेल सोडताच त्यांनी ओलं बोट कुंकवात बुडवलं आणि थेट सहीवर टेकवलं.

तुम्ही ओरडलात तसे तुम्ही लढाईतही ओरडला नसाल. रुमाल काढून कुंकू टिपायला लागलात. लाल पाणी कार्डभर पसरलं, पण निळी रेघ तसूभर हलली नाही. उभा जन्म तुम्ही दौतीच्या शाईने हजेरीपट लिहिले होते. एक थेंब पडला की शाईचं काय होतं हे तुम्हाला सांगायला नको होतं. तुम्ही थांबलात. रुमाल ओला करून पुन्हा घासलंत. काही नाही. सही छापलेली होती.

“बघा, कशी पक्की शाई!” सासूबाई म्हणाल्या. “अमेरिकेची ना शेवटी.”

“व्हय विहीनबाई. लय पक्की,” तुम्ही म्हणालात आणि कार्ड माझ्या हातात दिलंत. “घे. तुज्या लग्नाचं हाय.”

खरी होती तोवर तुमची, आणि छापील निघाल्यावर माझी! हे वाक्य मी ह्यांना इतक्या वेळा ऐकवलंय की ते आता माझ्याआधी पुरं करतात. त्यानंतर तुम्ही मला कधीही पत्र लिहायला बसवलं नाहीत. मीही विचारलं नाही. ट्रंकेतल्या बाकीच्या सह्यांवर काल मी ओलं बोट फिरवू शकले असते. फिरवलं नाही.

हे पत्र काही मी टाकणार नाही. तुमच्याकडे टपाल जात नाही, आणि गेलं तरी तुम्ही मजकूर सोडून आधी खालची सही बघाल. पण एक सांगून टाकते. तुम्ही ओला रुमाल घेऊन दुसऱ्यांदा घासत होतात ना, तेव्हा माझ्या लग्नाच्या त्या एकुलत्या एक कार्डावरच्या निळ्या शाईकडे बघत मी मनातल्या मनात सारखी म्हणत होते, पसर गं बाई, पसर.