तीस टक्के

प्रिय बाबा,

गुडघा आता वाकतो हे ताईने कळवलं, बरं वाटलं. जिना एकेक पायरीनेच चढा आणि काठी दारामागे विसरून निघू नका.

इकडे वीजघरात बॅटरी आली. बोटीतून उतरवायलाच दोन दिवस गेले. पांढरी पेटी, आपल्या स्वयंपाकघराएवढी, नुसती गुणगुणते. मोठं इंजिन अडलं तर वीस मिनिटं साऱ्या बेटाचा भार ती ओढते, तोवर दुसरं सुरू करता येतं. म्हणजे तुमची म्हातारी, ते जोडीचं जुनं इंजिन, आता दिवसरात्र चालू ठेवायला नको. सोमवारी तिला बंद केलं. मोठं चालू असूनही इतकं शांत वाटलं की मामा सायकल टाकून धावत आला, म्हणाला, काय रे, मेलं की काय सगळं? मला हसूही आलं नाही. झोप होत नाही हल्ली.

खर्चाचा हिशेब करणाऱ्या बाई वही तपासायला आल्या होत्या. तुम्ही गुडघ्याच्या उपचाराला गेल्यापासून चार महिने मी वहीत काट्यावर दिसलं तेच लिहिलं: म्हातारीवर भार बारा टक्के, कधी नऊ. तुम्ही सांगायचात, तीस लिही, त्याखाली इंजिन चालवू नये असं पुस्तकात आहे, उगाच विचारणा नको. आठवीत माझी शाळा सुटली तरी अक्षर तुम्ही घोटून घेतलंत. त्याच अक्षरात मी रोज तीस लिहायचो. तुमचं कारण मला ठाऊक आहे. एकटं चालणारं मोठं इंजिन बंद पडून बेट अंधारात गेलं त्या संध्याकाळी डॉक्टरांनी टॉर्च दातांत धरून आईच्या हाताला टाके घातले. त्यानंतर तुम्ही म्हातारीला कधी थांबू दिलं नाही.

पण बाबा, बॅटरीचा हिशेब सहा वर्षांपूर्वीही झाला होता. बाईंनी तो कागद दाखवला. आपल्या तीस टक्क्यांमुळे म्हातारी कामाची दिसली, तिला थांबवून फारसं डिझेल वाचणार नाही असं ठरलं आणि बॅटरी परवडत नाही म्हणून राहून गेली. खरं तर म्हातारी जवळजवळ रिकामी फिरत डिझेल पीत होती. पुढे विजेचे दर दोनदा वाढले आणि मामाचा बर्फाचा कारखाना बसला. तो अजून म्हणतो, नशीब.

बाईंनी विचारलं, आधी रोज तीसच कसे? मी म्हणालो, अक्षर माझं, आकडेही माझेच. कंटाळा करायचो, न बघता लिहायचो. तुमच्या निवृत्तीला दोनच महिने उरलेत, म्हणून तसं बोललो. त्यांनी चार महिन्यांची पानं पुन्हा चाळली. एकही खाडाखोड नाही, एकही दिवस सुटलेला नाही. त्यांना पटलं नाही, हे मला दिसलं. गुरुवारी त्या तुमच्याकडे येतील. काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा; मी काय बोललो ते आधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहितोय. मामाला मात्र आपल्यापैकी कुणीतरी सांगायला हवं. तो रोज चहाला येतो, आणि मी त्याच्याकडे बघत नाही.

तुमचाच,
वहीवाला